पनवेलच्या पावाचं वजन

परत आल्यापासून बार्शीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मास्तर, पनवेल कसं आहे?" मी सांगायला लागतो की तिथला एक लादीपाव सदतीस ग्रॅमचा भरतो, त्यात साडेअठरा ग्रॅम कार्ब असतात, आणि पन्नास किलो मैद्यात असे दोन हजार पाव होतात. इतकं होईपर्यंत समोरचा माणूस "चला, येतो" म्हणून गाडीला किक मारतो. म्हणून लिहूनच काढतोय. ज्याला कंटाळा येईल त्याने खुशाल पान उलटावं, निदान तोंडावर उठून जाणार नाही.

थोडं मागचं सांगतो. माझा उजवा डोळा नववं वर्ष लागायच्या आत विटीने घेतला. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं ते डाव्याच्या जिवावर. निवृत्त झालो आणि या डाव्यात मोतीबिंदू उतरला. आमच्याकडे ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण तपासणीत साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी हात जोडले. "मास्तर, एकच डोळा आहे तुमचा. जखम भरली नाही, चिघळली, तर तुम्हाला मी काय तोंड दाखवू?"

मी म्हणालो, "दाखवलंत तरी मला कुठे दिसणार आहे?"

माझी जीभ अशी आहे. बायको म्हणते, साखर सगळी रक्तात गेली, जिभेवर काही राहिली नाही.

त्यानंतर आठ महिने गोळ्या आणि लो-कार्ब आहार. आहाराच्या बाईंनी दिवसाला साठ ग्रॅम कार्बचा हिशेब घालून दिला. भात बंद, पोळी बंद, बटाटा बंद. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, रात्री अर्धी. मी वहीच घातली, मला दिसतील असे बोटभर उंचीचे आकडे काढून. गणिताच्या माणसाला पथ्य सांगू नये, आकडा द्यावा. मग तो भूत झाल्यासारखा मागे लागतो. साखर उतरली. मुलगा मंदार पनवेलला असतो, त्याने तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना दाखवायचं ठरवलं. त्या फोनवर स्पष्ट बोलल्या. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटीची साखर दीडशेच्या आत आली तर शनिवारी ऑपरेशन. नाही आली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि मोतीबिंदू इतका पिकलाय की दोन महिने थांबणं बरं नाही.

एवढं डोक्यावर घेऊन आम्ही नवरा-बायको रविवारी संध्याकाळी पनवेलच्या स्टँडवर उतरलो.

सोमवार

मंदार जासईकडे एका कंटेनर यार्डात कामाला आहे. पनवेलात जुन्या बाजाराच्या मागे वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. खाली घरमालकीण पारूबाई. मूळची उरणकडची कोळीण, अजून पहाटे मासळी घेऊन बाजारात बसते. आवाज असा, की तिने खालून "मंदार" म्हटलं की वरचं पातेलं वाजतं.

सकाळी मशीनवर बोट टोचलं. एकशे बत्तीस. शालिनी, म्हणजे आमची ही, खूश झाली. मंदारच्या स्वयंपाकघरात एक किटली, एक तवा आणि डझनभर अंडी एवढाच संसार. तो खाली जाऊन कागदात गुंडाळलेली गरम लादी घेऊन आला. काय वास हो! आमच्या बार्शीत पाव मिळतो, पण तो शिळा होऊनच जन्माला येतो. हा बोट लावलं की दबायचा आणि पुन्हा वर यायचा.

मी कागद उलटापालटा केला. पाकिटातल्या ब्रेडवर मागे सगळं छापलेलं असतं, कुणाकडूनही वाचून घेता येतं. इथे काय, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा आणि दोरा.

"यात कार्ब किती?"

"बाबा, पाव आहे तो. औषध नाही."

"आकडा नाही तर घास नाही," मी म्हणालो, आणि शालिनीचं कोपर धरून बेकरी गाठली.

बेकरी पुढच्याच गल्लीत. मालक निजामभाई, माझ्याच वयाचे. मला दिसत होती ती एक पांढरी टोपी आणि तिच्या मागे भट्टीचा लाल उजेड. मी नाव-गाव सांगून सरळ विचारलं, पावात काय काय आहे?

"मैदा, पानी, नमक, खमीर, जराशी साखर. बाकी अल्लाची मेहेरबानी."

"मेहेरबानी किती ग्रॅम?"

निजामभाई जे हसले, ते टोपी काढून टेबलावर ठेवेपर्यंत हसले. "बसा, मास्तरसाहेब. चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नाही."

मग आमचा वर्ग भरला. पन्नास किलोच्या गोणीत पाव किती? "दोन हजार. पाच-दहा इकडेतिकडे." मैद्याच्या शंभर ग्रॅमात कार्ब पाऊणशे, म्हणजे गोणीत साडेसदतीस किलो. भागिले दोन हजार, एका पावाला पावणेएकोणीस ग्रॅम. आता दुसरी वाट. काट्यावर दहा पाव ठेवले, तीनशे सत्तर भरले. पाणी धरून पावात निम्मे कार्ब असतात असं आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं, म्हणजे साडेअठरा. दोन्ही वाटांनी एकाच गावाला पोचलो! पोरांना मी हेच सांगायचो, उत्तर दोन रीतींनी काढा आणि मगच छाती फुगवा.

"आणि तो तपकिरी पाव? तो बरा ना?"

"रंग बघून रिश्ता करू नका, साहेब. त्यात पण मैदाच ज्यादा आहे. खोटं कशाला बोलू?"

माणूस मला आवडला. घरी येऊन दोन अंडी आणि एक पाव खाल्ला. लोणी लावून. वहीत लिहिलं, पाव एक, एकोणीस.

दुपारी खालून हाक आली. "मास्तर, नुसत्या अंड्यांवर मानूस जगतो काय? खाली या जेवाला!"

पारूबाईकडे पाट मांडला होता. कोळंबीचा रस्सा, मांदेली तळलेली, आणि भाकरी. शालिनी आत तिच्याजवळ बसली. पारूबाई तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात शिजवून भाकरी थापते, ते हिला शिकायचं होतं. मी बाहेर एकटा जेवत होतो. मी सांगून ठेवलं होतं, भाकरी अर्धीच. शालिनी पीठ मळण्यात गुंतलेली, ताट पारूबाईने वाढलं, आणि त्यात पांढरा अर्धा चंद्र आला. आमच्याकडची भाकरी ज्वारीची, रंगाने करडी, वाजवली तर वाजणारी. ही म्हणजे मलमल. तांदळाची आहे हे कळलं, पण भाकरी ती भाकरी, आपल्यातलीच! परका असतो तो पाव. वहीत लिहिलं, भाकरी अर्धी, वीस. रात्री पुन्हा अर्धी, पुन्हा वीस. एकूण एकोणसाठ. साठाच्या आत, एक ग्रॅम राखून. मी शीळ घालत झोपलो.

मंगळवार

सकाळी मशीन म्हणालं एकशे एकाहत्तर.

बोट धुऊन पुन्हा टोचलं. एकशे अडुसष्ट. शालिनी मटकन खुर्चीत बसली. मला ती खुर्चीची करकर अजून आठवते.

"हा पाव!" मी ओरडलो. "त्या निजामभाईने मापात गडबड केलीय. साखर 'जराशी' म्हणाला, वाटीभर ओतत असणार!"

"अहो, एका पावाने इतकं होतं का?"

"मग कशाने होतं? मासळीत कार्ब नसतात. भाकरी मी आठ महिने खातोय. नवीन काय आलं घरात? पाव!"

तर्क बिनतोड होता. पावावर त्या क्षणापासून बहिष्कार.

त्या दिवशी मंदारला जासईला एक चक्कर मारायची होती, मलाही घेऊन गेला. शालिनी पारूबाईबरोबर मासळीबाजारात गेली. न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारा तो रस्ता मला दिसला कमी आणि ऐकू जास्त आला. ट्रेलरमागून ट्रेलर, जमीन हलत होती. यार्डात एकावर एक पेट्या रचलेल्या. लाल, निळा, हिरवा, असे रंगांचे पट्टे तेवढे मला दिसले. मंदार म्हणाला, "बाबा, ही पाच मजली चळत आहे." मी म्हणालो, "असेल बाबा, तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो." खरं तर वाईट वाटलं. पोरगं कुठे काम करतं हे बघायला आलो, आणि बघता येईना.

नाक्यावर वडापावची गाडी होती. मंदारने विचारलं, तेव्हा मी असा काही नकार दिला, की गाडीवाल्याचा झारा हवेत थांबला. "पावाला शिवणार नाही!" मग आम्ही ऐटीत पारूबाईचा डबा उघडला. सुक्या जवळ्याची चटणी आणि चतकोर भाकऱ्या. दोन चतकोर म्हणजे अर्धी. मी दोन चतकोर खाल्ले. रात्री नेहमीची अर्धी. वहीत बेरीज चाळीस. पाव नाही, काही नाही. आता बघू कशी उतरत नाही, असं म्हणून मशीनला उशाशी घेऊन झोपलो.

बुधवार

दोनशे आठ.

शुक्रवार दोन दिवसांवर. हा डोळा गेला तर? शाळेत असताना मी डोळे मिटून घरातून चालून बघायचो, उद्या हाही गेला तर जमेल का म्हणून. ते कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी ते सगळं वर आलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे त्याचा संताप झाला.

"चल," मी शालिनीला म्हणालो. "त्या बेकरीवाल्याला जाब विचारतो."

"अहो, काल तुम्ही पाव खाल्लाच नाही."

"अंगात भिनलाय तो!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बेकरीत गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत मी सुरू झालो. चाळीस वर्षांचा धंदा असा करता काय, एका आंधळ्या होऊ घातलेल्या माणसाला खोटा आकडा देता काय. निजामभाई कणकेचे हात तसेच धरून उभे राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "मास्तरसाहेब, तराजू तिथंच आहे. पुन्हा तोला. तराजू कुणाचा नातलग नाही."

पुन्हा दहा पाव ठेवले. तीनशे बहात्तर.

"आता सांगा, दुसरं काय खाल्लं?"

"मासळी. आणि भाकरी. तीही अर्धी! विचारा आमच्या घरमालकीणबाईंना."

"मग भाकरी पण तोलू की."

शालिनी गेली ती पारूबाईलाच घेऊन आली. पारूबाई मासळीबाजारातून नुकतीच आली होती. फडक्यात भाकरी, आणि कपाळावर आठ्या. "काय झालं? माझ्या भाकरीला काय झालं?" तिने भाकरी तशीच काट्यावर टेकवली. माझा ओळखीचा अर्धा चंद्र.

"एकशे चाळीस ग्रॅम," निजामभाई म्हणाले.

"अर्धी भाकरी एकशे चाळीस?" मी काट्याला नाक लावलं.

"अर्धी कशाची?" पारूबाई म्हणाली. "आख्खी हाय! घडी घातलीय." आणि तिने दोन बोटांनी ती उलगडली.

मी कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल.

बार्शीच्या बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. ज्वारीच्या भाकरीची घडी होत नाही. घालायला गेलात तर मोडते. आमच्या ताटात अर्धा चंद्र आला की ती अर्धीच असते, पिढ्यान् पिढ्या. तांदळाची भाकरी रुमालासारखी मऊ, ती घडी घालूनच वाढतात, आणि डब्यात घालायची तर चौघडी. म्हणजे माझे ते दोन चतकोर दोन आख्ख्या भाकऱ्या होत्या! हाताला दोन पदर लागले होते, मला वाटलं काय सुरेख पापुद्रा सुटलाय. एकशे चाळीसचं निम्मं सत्तर. एका भाकरीत जवळजवळ चार पाव. पावाला शिवणार नाही म्हणून गाडीवाल्याला खडसावलं, त्या दिवशी मी अकरा पावांचा ऐवज पोटात घातला होता.

"पण मी अर्धी वाढा म्हणालो होतो ना?"

"म्हनालात," पारूबाई म्हणाली. "मला वाटलं पाव्हना लाजतो. पाव्हना अर्धी म्हनतो तवा आमी आख्खी वाढतो. मी तर म्हनते दोन वाढायच्या होत्या." आणि मग एकदम तिचा आवाज बसला. "माझ्या हातनं तुमचा डोला जाईत होता काय, मास्तर?"

त्या बाईने पदर डोळ्यांना लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, आणि चोर म्हणावं तर माझीच वही. मी पारूबाईला म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही. मी विचारलं नाही, हात लावून बघितलं नाही, नुसता लिहीत सुटलो." निजामभाईंपुढे सगळ्या गिऱ्हाइकांदेखत हात जोडले.

"जाऊ द्या हो," ते म्हणाले. "नजर कमी असली की गुस्सा ज्यादा होतो. माझ्या अब्बांचं पण असंच होतं." मग हळूच, "ते निम्म्याचं गणित मला पण सांगून ठेवा. शुगरवाले रोज विचारतात, मी काय सांगणार?"

शिकवलं. गल्ला सोडून त्यांनी ते पावाच्या कागदावर लिहून घेतलं.

गुरुवार, शुक्रवार

पारूबाईने स्वयंपाकाचा ताबा घेतला. भाकरी माझ्या दृष्टीआड. उकडलेली अंडी, पालेभाजी, आणि भाजलेला बांगडा, तोही तिने स्वतः काटे काढून. "मास्तर, खा. आज भाकर मागलीत तर हात मोडून ठेवीन." आमच्याकडे पाहुण्याला असं बोललं तर तो चप्पल घालून निघून जाईल. इथे ते लाडाचं बोलणं आहे हे मला चार दिवसांत कळलं होतं. गोळ्या वेळेवर, आणि सकाळ-संध्याकाळ जवळच्या तळ्याभोवती फेऱ्या. शालिनी माझं कोपर धरून चालायची आणि वाटेतलं सगळं सांगायची. बदक, कमळ, भांडणारं जोडपं. भांडण कशावरून, हेही ती ऐकून सांगायची. एका फेरीला मी विचारलं, "नाही उतरली तर?" ती म्हणाली, "मग मी आहे की. तुम्हाला भांडणं ऐकवत जाईन."

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात रक्त दिलं आणि बाकावर बसलो. मी सतराचा पाढा म्हणत होतो. आतून आवाज आला, "एकशे एक्केचाळीस. उद्या सात वाजता या." मंदारने मला उचलायचंच बाकी ठेवलं. घरी पारूबाईने ऐकल्यावर अशी आरोळी ठोकली, की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

रविवार

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही, दुखलं नाही. पण माझा चालू डोळा तोच, त्यावर पट्टी, म्हणजे एक रात्र पूर्ण अंधार. शालिनी घास भरवत होती आणि मी निमूट खात होतो.

रविवारी सकाळी डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. आधी पंखा दिसला, तीन पाती, वेगवेगळी. मग भिंतीवरचं कॅलेंडर, त्यातले आकडे. मी मोठ्याने वाचून दाखवले, मंदार हसला, त्याला दाढी आहे हे मला तेव्हा कळलं. मग मी दाराकडे पाहिलं. हिरवी साडी नेसलेली कुणी एक बाई उभी होती. गळ्याची हाडं वर आलेली, ब्लाउजची बाही पिन लावून आवळलेली. मला वाटलं, पुढची पेशंट.

ती हसली तेव्हा ओळखलं.

"शालू? अगं, हे काय झालं तुझं? आजारी आहेस का?"

"आजारी कशाला असेन? काही नाही झालं."

"बाबा," मंदार म्हणाला, "मी कधीपासून म्हणतोय तिला. ऑपरेशन होईपर्यंत बाबांना सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने."

"काय सांगायचं नाही?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमच्या ताटात अर्धी भाकरी वाढायची, आणि आत जाऊन मी भात ओरपायचा? घशाखाली उतरला असता का? तुम्ही खात होता तेच खाल्लं, एवढंच."

आठ महिने! आमच्या घरात मी आधी जेवतो, ती मागून. ती मागून काय जेवते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. वहीभर ग्रॅम लिहिले, सगळे माझे. मला इतकी लाज वाटली की डोळ्यातून धार लागली. डॉक्टरबाई ओरडल्या, "अहो काका, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही!" शालिनीनेच कापसाने गाल टिपला, डोळा चुकवून.

काळा चष्मा लावून बाहेर पडलो आणि रिक्षा बेकरीपाशी थांबवली. निजामभाईंना पहिल्यांदा धड पाहिलं. पांढरी शुभ्र दाढी, समोरचा एक दात नाही. मी म्हणालो, "गरम लादी द्या, आणि मस्का. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी." त्यांनी बाक पुसून दिला. ती आधी नको नको म्हणाली. मग एक खाल्ला. मग न सांगता दुसरा. तिसरा मोडला तेव्हा सवयीने अर्धा माझ्याकडे केला, मी मान हलवली, तशी तो मागे घेऊन तिने सगळा स्वतःच खाल्ला. तिच्या हनुवटीला मस्का लागला होता. मी तिला ते सांगितलं नाही. नुसता बघत बसलो.